गाडी नाही आणि शहर पसरलेलं: राहायला वस्ती कशी शोधायची

पसरलेल्या शहरात नोकरी लागली किंवा शिकायला जायचं ठरलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: तिथं गाडीशिवाय निभाव लागत नाही. सल्ला देणारा खोटं बोलत नसतो. त्यानं घरच गाडीच्या हिशेबानं घेतलेलं असतं, त्यामुळे त्याच्या आसपास पायी जाण्यासारखं खरोखर काही नसतं. पण त्याची वस्ती म्हणजे अख्खं शहर नव्हे. लॉस एंजेलिस घ्या, अटलांटा घ्या, मेलबर्न घ्या, अशा प्रत्येक शहरात पायी जगता येईल असे तुकडे असतात. ते थोडे असतात, एकमेकांपासून लांब असतात आणि घरांच्या जाहिराती चाळून सापडत नाहीत.

ते शोधायचे तर घर सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बसचा किंवा रेल्वेचा मार्ग, मग त्या मार्गावरची वस्ती, मग त्या वस्तीतलं घर. बहुतेक जण उलट्या टोकानं सुरू करतात. परवडणारं, फोटोत छान दिसणारं घर सापडतं, त्यावर मन बसतं, आणि मग तिथून कामावर जायचं कसं याची शोधाशोध सुरू होते. तोवर अनामत भरून झालेली असते.

आधी स्वतःच्या फेऱ्या मांडा

एका साध्या आठवड्यात तुम्ही कशाकशासाठी घराबाहेर पडता ते लिहून काढा. काम किंवा कॉलेज, किराणा, औषधं, दवाखाना, मुलांची शाळा, घरात वॉशिंग मशीन नसेल तर लाँड्री, व्यायाम, मित्रमंडळी. प्रत्येकासमोर ती फेरी किती वेळा होते ते लिहा. आठवड्यात अनेकदा होणारी फेरी पायी जमली पाहिजे. कामाची फेरी मात्र एका बसनं किंवा एका रेल्वेनं जमली पाहिजे. मध्ये बदलावी लागली तरी एकदाच. महिन्यातून एखाद्या वेळी होणारी फेरी कशीही होऊ द्या, त्यासाठी टॅक्सी आहे. विमानतळ जवळ हवा म्हणून वस्ती निवडायची आणि रोज भाजीसाठी दीड किलोमीटर तंगडतोड करायची, असले सौदे यादी न केल्यामुळे होतात.

अंतराचा हिशोब सोपा आहे. धडधाकट माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर चालतो. म्हणजे ४०० मीटरला पाच मिनिटं, ८०० मीटरला दहा. नगररचनेतही साधारण हेच आकडे धरतात: बस थांब्यासाठी ४०० मीटर, रेल्वे स्टेशनसाठी ८००. किराणा मात्र येताना हातात असतो, त्यामुळे त्याचं अंतर मोजताना उदार होऊ नका. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर सगळीच अंतरं निम्मी धरा.

मार्ग: बस आहे का, हा प्रश्नच अपुरा आहे

जाहिरातीत 'बस थांबा जवळ' असं लिहिलेलं असतं. त्यानं काहीच कळत नाही. ती बस दर किती मिनिटांनी येते, हे विचारायचं. वेळापत्रक न बघता थांब्यावर गेलात तर दोन बसमधल्या वेळेच्या सरासरी निम्मा वेळ थांबावं लागतं: दहा मिनिटांच्या बसला पाच मिनिटं, तीस मिनिटांच्या बसला पंधरा. चुकली तर तीसच्या तीस. त्यात बदलून दुसरी तीस मिनिटांची बस घ्यायची असेल, तर अर्ध्या तासाच्या प्रवासाला दीड तास हाताशी ठेवून निघावं लागतं. दहा-पंधरा मिनिटांनी येणाऱ्या बसला वेळापत्रक पाठ करावं लागत नाही, आणि गाडी नसल्याचा जाच मुख्यतः तिथंच संपतो.

म्हणून शहराच्या वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर जा आणि वारंवार धावणाऱ्या बसमार्गांचा वेगळा नकाशा आहे का पाहा. बऱ्याच संस्था तो काढतात. संपूर्ण जाळ्याच्या नकाशात तासाला एक येणारी बस आणि दहा मिनिटांनी येणारी बस सारख्याच रंगात, सारख्याच जाडीनं दाखवलेल्या असू शकतात. तो नकाशा बघून निर्णय घेणं धोक्याचं. वेगळा नकाशा नसेल तर एकेका मार्गाचं वेळापत्रक उघडून स्वतःच खुणा करा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्या शोधात याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

माझी कसोटी अशी: दर १५ मिनिटांनी किंवा त्याहून लवकर, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत, आणि रविवारीसुद्धा. तिन्ही गोष्टी जमणारे मार्ग पसरलेल्या शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात. बरंच आहे, शोध तेवढा आटोपशीर होतो.

इथं काही सापळे आहेत. पहिला, फक्त गर्दीच्या वेळी धावणाऱ्या एक्स्प्रेस बसचा. सकाळी उपनगरातून मध्यवर्ती भागात, संध्याकाळी परत. दुपारी आणि रविवारी ती जवळजवळ नसतेच. दुसरा, महामार्गाच्या मधोमध बांधलेल्या स्टेशनांचा. नकाशावर स्टेशन घरापासून ५०० मीटरवर दिसतं, प्रत्यक्षात त्या ५०० मीटरमध्ये पार्किंगचं मैदान, महामार्गावर चढणारा रस्ता आणि पादचारी पूल असतो. तिसरा, विद्यापीठाच्या मार्गांचा. विद्यापीठाभोवतीची वस्ती गाडी नसलेल्या माणसाला सहसा मानवते, दुकानं असतात, बसही भरपूर. पण सुट्टी लागली की काही ठिकाणी वेळापत्रक पार आटतं. नोकरदारानं तिथं घर घेताना सुट्टीतलं वेळापत्रक आधी बघावं. याउलट मोठ्या रुग्णालयावरून जाणारा मार्ग सहसा भरवशाचा, कारण तिथल्या पाळ्या रात्री-अपरात्री आणि सणासुदीलाही बदलतात. विद्यापीठ, रुग्णालय आणि शहराचा मध्यवर्ती भाग एकाच सरळ रेघेत जोडणारा मार्ग दिसला, तर शोध तिथूनच सुरू करा.

शहरात जुन्या राहिलेल्यांचा बसबद्दलचा सल्ला ऐकताना तो कधीचा आहे ते विचारा. ह्यूस्टननं ऑगस्ट २०१५ मध्ये आपलं बसचं जाळं एका फटक्यात बदललं. मध्यवर्ती भागाकडे धावणारे जुने मार्ग मोडून सरळ, वारंवार धावणारे आणि एकमेकांना छेदणारे मार्ग आखले. त्याआधीच्या अनुभवावर दिलेला सल्ला तिथं दुसऱ्या दिवशी शिळा झाला होता.

मार्ग निवडलात की गूगल मॅप्सवर 'अमुक वाजेपर्यंत पोहोचायचं' हा पर्याय वापरून तुमच्या कामाची खरी वेळ घाला. मग रात्री परतीची वेळ घालून बघा. मग रविवार संध्याकाळ. दुपारी सहज बघितलेल्या वेळेवर विसंबू नका. आणि शेवटची बस किती वाजता सुटते ते लिहून ठेवा, ती वेळ तुमच्या सामाजिक आयुष्याची हद्द ठरणार आहे.

मार्गावरची वस्ती: नकाशात जुनं ते शोधा

आता त्या मार्गावर कुठं राहायचं? मोटारगाडी घरोघरी पोचायच्या आधी वसलेला भाग शोधा. पसरलेल्या शहरांपैकी कित्येकांची पहिली उपनगरं ट्रामच्या आधारानं वाढली, साधारण १८९० ते १९२० च्या दशकांत. ट्रामनं आलेला माणूस उतरून पायीच घरी जाणार, त्यामुळे प्लॉट लहान, गल्ल्या आखूड आणि ट्रामच्या रस्त्यावर खाली दुकान, वर घर. लॉस एंजेलिसभोवती पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या लाल ट्रामगाड्यांचं प्रचंड जाळं होतं. त्यातली शेवटची गाडी १९६१ मध्ये बंद झाली. रूळ उखडले गेले, पण रस्त्यांची आखणी आणि इमारतींची ठेवण पुष्कळ ठिकाणी राहिली. मेलबर्ननं ट्राम मोडल्या नाहीत, आज तिथं सुमारे २५० किलोमीटरचं, जगातलं सर्वांत मोठं ट्रामचं जाळं चालू आहे आणि त्यावरची जुनी उपनगरं पायी राहायला सोयीची आहेत, शहर कितीही पसरलेलं असो.

नंतरच्या वस्त्या वेगळ्या का झाल्या, याला कायद्याचंही कारण आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२६ मध्ये युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात राहण्याचा भाग आणि व्यापाराचा भाग वेगळा ठेवणारे नियम वैध ठरवले. त्यानंतर अशा नियमांचा सपाटाच लागला आणि मैलोन्मैल घरंच घरं, एकही दुकान नाही, अशा वस्त्या उभ्या राहिल्या. दुकानांनी अमुक इतकं पार्किंग ठेवलंच पाहिजे या सक्तीनं उरलंसुरलं काम केलं. ह्यूस्टनमध्ये विभागवार जमीनवापराचे असे नियम नाहीत, पण पार्किंगची सक्ती होती, त्यामुळे तेही फार वेगळं दिसत नाही.

दुसरा चांगला प्रकार म्हणजे वाढत्या शहरानं गिळलेलं जुनं गाव. स्वतःचा चौक, स्वतःची बाजारपेठ, स्वतःचं ग्रंथालय. अटलांटाला लागून असलेलं डीकेटर हे त्याचं नमुनेदार उदाहरण, तिथं तर मेट्रोचं स्टेशन गावाच्या चौकातच उघडतं. असं गाव निवडलेल्या मार्गावर आलं तर त्याला पहिला क्रमांक द्या.

इतिहास माहीत नसला तरी नकाशा बोलतो. रस्ते एकमेकांना वरचेवर छेदतात का ते बघा. पोर्टलंडच्या मध्यवर्ती भागात दोन चौकांमधला ठोकळा जेमतेम ६१ मीटरचा आहे, सॉल्ट लेक सिटीत तोच सुमारे २०१ मीटरचा. ठोकळा लहान असेल तर वळायला, ओलांडायला आणि आडवाटेनं जायला जागा मिळते. याउलट नकाशात फांद्यांसारखे, टोकाशी बंद होणारे रस्ते दिसले की पुढं सरका. तिथं पाठीला पाठ लागलेल्या दोन घरांमध्येही रस्त्यानं किलोमीटरभर अंतर पडू शकतं. बंदिस्त सोसायट्यांचंही तसंच. रस्ता नकाशात असतो, फाटकाला कुलूप असतं.

मग उपग्रहाच्या चित्रावर या आणि पार्किंग कुठं आहे ते बघा. दुकानांच्या मागं असेल तर दुकानाचं दार पदपथावर उघडतं. पुढं असेल तर दुकानात शिरायच्या आधी उन्हातलं डांबराचं मैदान पार करावं लागतं, तेही रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या चुकवत. ही एक खूण बघितली तरी निम्म्या वस्त्या यादीतून जातात.

अंतर मोजताना नकाशावर वर्तुळ काढू नका. ओपनरूटसर्व्हिससारख्या मोफत साधनात एखादा पत्ता टाकून 'पायी दहा मिनिटांत कुठवर' असं विचारता येतं. ते रस्त्यांच्या जाळ्यावरून खरा पट्टा काढून देतं. चांगल्या वस्तीत तो पट्टा गुबगुबीत दिसतो, वाईट वस्तीत कोळ्याच्या पायांसारखा.

वॉक स्कोअरबद्दल थोडक्यात, कारण जाहिरातींत तो आकडा हमखास असतो. २००७ मध्ये सिएटलमध्ये सुरू झालेलं हे गणित ० ते १०० गुण देतं. रोजच्या गरजेची ठिकाणं किती जवळ आहेत यावर गुण, पाच मिनिटांत पोहोचणाऱ्या ठिकाणाला पूर्ण गुण, तीस मिनिटांपलीकडच्याला शून्य. चौकांची दाटी आणि ठोकळ्यांची लांबीही त्यात धरतात. ७० च्या वर असेल तर वस्ती यादीत राहू द्या, ५० च्या खाली असेल तर ती वगळायला हरकत नाही. पण पदपथ मोडलाय का, सावली आहे का, ओलांडायचा रस्ता सहा पदरी आहे का, हे त्या आकड्यातून कळत नाही. आणि पुष्कळ देशांत हा आकडा मिळतच नाही, तिथं वरच्या खुणांवरच काम भागवावं लागतं.

ओलांडायचे रस्ते

आता दोन-तीन वस्त्या उरल्या असतील. प्रत्येकीत एखाद्या संभाव्य घरापासून किराण्यापर्यंत आणि थांब्यापर्यंत गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूवर, म्हणजे रस्त्यावरून काढलेल्या चित्रांतून, 'चालत' जा. चित्र कोणत्या महिन्यातलं आहे ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं, तेही बघा. चार-पाच वर्षांपूर्वीचं दुकान आज असेलच असं नाही.

यात मुख्य लक्ष रुंद रस्त्यांवर. वस्ती आतून कितीही शांत असली तरी तिच्या कडेनं सहा पदरी रस्ता जात असेल आणि किराणा पलीकडे असेल, तर तुमचं रोजचं आयुष्य त्या ओलांडणीवर अवलंबून आहे. रस्ते सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या ए.ए.ए. फाउंडेशननं २०११ मध्ये केलेल्या अभ्यासात, गाडीनं धडक दिल्यावर पादचारी दगावण्याची शक्यता ताशी ३७ किलोमीटरला सरासरी १० टक्के, ५१ ला २५ टक्के आणि ६८ ला ५० टक्के निघाली. म्हणून पाटीवरची वेगमर्यादा वाचा, आणि रस्ता त्याहून जोरात गाडी हाकायचा मोह पाडेल इतका सरळ-रुंद आहे का तेही बघा. मध्ये उभं राहायला दुभाजक आहे का? लागोपाठच्या दोन सिग्नलमध्ये अंतर किती? अर्धा किलोमीटर असेल तर लोक मधूनच पळत ओलांडतात, आणि घाई असेल तेव्हा तुम्हीही ओलांडाल.

सिग्नलची वेळही माणसागणिक कमी-जास्त पडते. अमेरिकी नियमावली रस्ता ओलांडणाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे १.०७ मीटर धरते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढं जमत नाही.

एक गोष्ट हमखास सुटते: जायचा थांबा आणि यायचा थांबा रस्त्याच्या दोन बाजूंना असतात. म्हणजे दिवसातून एकदा तरी तो रस्ता ओलांडायचाच आहे, आणि कदाचित रात्री परतताना.

जाऊन बघा, पण गैरसोयीच्या वेळी

शक्य असेल तर करार करायच्या आधी त्या वस्तीत आठवडाभर तात्पुरतं राहा. ते जमत नसेल तर एक अख्खा दिवस द्या, आणि तो दिवस गाडीशिवाय काढा. मदतीला म्हणून कुणी ओळखीचा गाडी घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. गाडीतून बघितलेली वस्ती छानच दिसते.

सकाळी कामाच्या वेळी थांब्यावर उभे राहा. बस वेळेवर येते का, भरून येते का? थांब्याला छप्पर आणि बसायला बाक आहे का? मग किराणा घेऊन, खरंच जड पिशवी घेऊन, घरापर्यंत चालून बघा. अंधार पडल्यावर तोच रस्ता पुन्हा. दिवे आहेत का, रस्त्यावर इतर माणसं आहेत का, दुकानं किती वाजता मिटतात? एकट्यानं, विशेषतः बाईमाणसानं, रात्री चालताना दिव्यांपेक्षाही उघड्या दुकानांचा आधार जास्त वाटतो.

हवामानाला कमी लेखू नका. फीनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. अशा शहरात झाडांची सावली म्हणजे शोभा नव्हे. ती नसेल तर ८०० मीटर हे अंतर उन्हाळ्यात कुचकामी ठरतं. बर्फाच्या शहरात वेगळाच प्रश्न असतो. रस्ता पालिका साफ करते, पण पदपथावरचा बर्फ काढायची जबाबदारी कित्येक ठिकाणी लगतच्या घरमालकावर असते. त्यामुळे मधलं एखादं घर रिकामं असेल तर तिथं वाट अडते. कोणत्या ऋतूत घर बघताय ते लक्षात ठेवा आणि उलट्या ऋतूबद्दल विचारा.

विचारायचं कुणाला, हेही महत्त्वाचं. गाडीवाल्याचं 'जवळच आहे' म्हणजे गाडीनं दहा मिनिटं. थांब्यावर उभ्या असलेल्या आजींना, दुकानातल्या रात्रपाळीच्या मुलाला, परदेशी विद्यार्थ्यांना विचारा. बस किती वेळा येतच नाही, कुठल्या चौकातून चालत जाऊ नये, कुठल्या फाटकातून आडवाट आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं.

घर आणि भाडं

पायी राहता येणाऱ्या वस्तीत भाडं सहसा जास्त असतं, आणि ते बघून माणूस मागं फिरतो. भाडं एकटं बघू नका. शिकागोमधल्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेनं घर आणि प्रवास यांचा एकत्रित खर्च उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावा असा निकष मांडलाय. गाडीचा हप्ता, विमा, इंधन, पार्किंग आणि दुरुस्ती हे सगळं बाजूला काढलं की महागडी वस्ती अनेकदा त्या मर्यादेत बसते. स्वस्त घर घेऊन सहा महिन्यांनी नाइलाजानं गाडी घेतलीत, तर ते घर स्वस्त राहत नाही.

तरीही परवडत नसेल तर वस्ती बदला, मार्ग बदलू नका. त्याच बसवर आणखी पाच-सहा थांबे पुढं जा. वारंवारता तीच राहते, प्रवास दहा-पंधरा मिनिटांनी वाढतो, भाडं उतरतं. मात्र काही मार्ग पुढं जाऊन दुभंगतात आणि दर दोन बसपैकी एकच पुढच्या टोकाला जाते. दुभंगण्याच्या अलीकडचाच थांबा निवडा. किंवा त्याच वस्तीत लहान घर घ्या. मी तरी लहान घराच्या बाजूनं आहे, कारण वस्ती चांगली असली की माणूस घरात कमी बसतो.

पहिला करार जमेल तेवढ्या कमी मुदतीचा करा, थोडं जास्त भाडं पडलं तरी. त्यात पार्किंगची जागा गृहीत धरलीय का ते वाचा. पुष्कळ इमारतींत तिचं भाडं घरभाड्यात मिसळलेलं असतं. 'माझ्याकडे गाडी नाही, जागा नको, भाडं किती कमी होईल?' असं लेखी विचारा. सायकल ठेवायला कुलूपबंद जागा आहे का तेही त्याच पत्रात विचारून टाका, आणि लाँड्री इमारतीतच आहे का तेही. धुण्याचं गाठोडं घेऊन बसची वाट बघत उभं राहण्यात काही मजा नाही.